काडी टोचली की छिद्र मिटायचं: साधे प्राणी स्वतःच्या करणीतून कसे शिकतात

साचलेल्या पाण्यात राहणारी लिम्निया नावाची एक गोगलगाय आहे. जिच्यावर सर्वाधिक प्रयोग झाले ती जात युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत सापडते. तिच्या नात्यातल्या जाती आपल्याकडच्या तळ्यांत आणि पाणथळ जागीही असतात. गुरांना होणाऱ्या यकृतकृमीच्या रोगाचा प्रसार त्यांच्यामार्फत होतो, त्यामुळे पशुवैद्यकांना त्या चांगल्या ठाऊक असतात. लिम्निया दोन तऱ्हांनी श्वास घेते. पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असेल तर त्वचेवरच तिचं भागतं. तो कमी पडला की ती सरपटत पृष्ठभागाशी येते, अंगाच्या कडेचं एक बारीक छिद्र उघडते आणि हवा आत घेते.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात केन लुकोवियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या सवयीवर एक साधा प्रयोग रचला. चंचुपात्रातल्या पाण्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्यातला ऑक्सिजन घालवायचा. गोगलगाय वर येणारच. तिचं छिद्र उघडू लागलं की टोकदार लाकडी काडीने तिथे हलकेच टोचायचं. टोचणं इतकंच हवं की छिद्र मिटेल, पण गोगलगाय शंखात शिरणार नाही. छिद्र मिटतं. थोड्या वेळाने ती पुन्हा उघडू पाहते, पुन्हा काडी. अर्ध्या-पाऊण तासाचं एक सत्र संपेपर्यंत तिचे प्रयत्न कमी होऊ लागतात. दुसऱ्या सत्रात आणखी कमी. त्वचेतून थोडाफार ऑक्सिजन मिळत राहतो, त्यामुळे ती गुदमरत नाही. मात्र एरवी जे काम ती सहज करते, ते आता ती टाळते.

तिच्या अख्ख्या मज्जासंस्थेत वीसेक हजार चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. एवढ्या लहान भांडवलावर या जिवाने स्वतःची एक कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड घातली, आणि पुढचं वागणं बदललं. ही सांगड नेमकी कशी घातली जाते, हे आज बऱ्याच अंशी पेशीच्या पातळीवर सांगता येतं. शिकण्यासाठी समज लागते, निदान धडसा मेंदू तरी लागतो, असं आपण धरून चाललेलो असतो. गोगलगाईकडे नीट पाहिलं की लक्षात येतं की शिकणं आधी आहे, आणि समज, जिथे असेल तिथे, बरीच नंतरची आहे.

शिकणं सगळं एकाच जातीचं नसतं, म्हणून आधी थोडी वर्गवारी. एखादा निरुपद्रवी स्पर्श वारंवार झाला की प्राणी त्याकडे दुर्लक्ष करू लागतो, हे सर्वांत साधं शिकणं. समुद्री ससा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या अॅप्लिसिया या समुद्री गोगलगाईवर एरिक कँडेल यांनी याचा आणि इतर साध्या शिकण्यांचा पेशींपर्यंत अभ्यास केला. २००० सालच्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन घटना लागोपाठ घडतात हे लक्षात येणं. पाव्हलॉव्हचा कुत्रा बहुतेकांना ठाऊक असतो. अलीकडचं उदाहरण डेंग्यूच्या डासाचं आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की विशिष्ट वास आणि चापटी मारल्यासारखा हादरा यांची जोडी अनुभवली की एडीस इजिप्ती डास त्या वासापासून दूर राहू लागतो, आणि हे त्याला दुसऱ्या दिवशीही आठवतं. चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचं काम बंद पाडलं की हे शिकणं होत नाही. पण या प्रयोगात डासाने काय केलं याला महत्त्व नव्हतं. वास आला आणि हादरा बसला, एवढंच.

लिम्नियाची गोष्ट तिसऱ्या तऱ्हेची आहे. इथे परिणाम प्राण्याच्या स्वतःच्या कृतीवर अवलंबून असतो. छिद्र उघडलं तरच काडी टोचते, नाही उघडलं तर काही होत नाही. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला साधक अभिसंधान म्हणतात. याचा पहिला शिस्तशीर अभ्यास एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवर केला आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. खटक्याच्या पेटीतून मांजर आधी धडपडत, योगायोगाने बाहेर पडायचं. पुढच्या वेळी जरा लवकर, त्यापुढे आणखी लवकर. ‘अरे, असं आहे होय!’ असा एकही क्षण त्यांना त्या आलेखांत दिसला नाही, वेळ हळूहळू कमी होत गेला एवढंच. ज्या कृतीमागोमाग समाधान येतं ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, त्रास येतो तिची घटते, हा त्यांचा परिणामाचा नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन या विषयाला मोठं केलं.

जोडीदाराची युक्ती

आता एक शंका कुणालाही यावी. गोगलगाईला इतक्या वेळा टोचल्यावर ती घाबरली असेल, थकली असेल, जखमी झाली असेल, म्हणून वर येत नसेल. ती शिकली हे कशावरून?

या संपूर्ण विषयात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते या शंकेचं उत्तर. दोन गोगलगाई घ्यायच्या. पहिलीला तिच्या करणीप्रमाणे टोचायचं. दुसरी तिची जोडीदार. पहिलीला जेव्हा जेव्हा काडी बसेल, त्याच वेळी दुसरीलाही टोचायचं, मग दुसरी त्या घडीला काहीही करत असो. दोघींना टोचण्या तितक्याच, वेळा त्याच, काडीही तीच. फरक एकच: पहिलीच्या बाबतीत टोचणीचा संबंध तिच्या कृतीशी आहे, दुसरीच्या बाबतीत नाही. नंतर दोघींना कमी ऑक्सिजनच्या पाण्यात सोडून पाहायचं. पहिली छिद्र उघडणं टाळते. दुसरी पूर्वीसारखीच उघडत राहते.

भीती, थकवा, जखम हे सगळं दोघींच्या वाट्याला सारखंच आलेलं होतं, म्हणून ते वजा होतं. उरतो तो कृती आणि परिणाम यांमधला संबंध. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही सोय लिम्नियाला नाही. ठेच स्वतःच्याच पावलाला लागावी लागते, आणि त्याच पावलामुळे लागावी लागते.

हीच युक्ती एड्रियन हॉरिज यांनी १९६२ मध्ये झुरळांवर वापरली होती, आणि तीही डोकं काढलेल्या झुरळांवर. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागचा प्रश्न खरा होता: मेंदू नसताना करणीच्या परिणामातून शिकता येतं का? झुरळाचं शरीर डोक्याविना काही दिवस तग धरतं. त्याचा श्वास अंगावरच्या छिद्रांतून चालतो, आणि पोटाकडून जाणाऱ्या चेतारज्जूत प्रत्येक पायांच्या जोडीसाठी चेतापेशींचा वेगळा पुंजका असतो. हॉरिज यांनी झुरळाच्या पायाला तार बांधली आणि खाली मिठाचं पाणी ठेवलं. पाय ठरावीक पातळीखाली आला की तार पाण्याला टेकायची, मंडल पूर्ण व्हायचं आणि पायाला विजेचा हलका झटका बसायचा. शेजारी टांगलेल्या जोडीदार झुरळाला तेच झटके त्याच वेळी बसत, त्याचा पाय वर असो की खाली. अर्ध्या-पाऊण तासात पहिल्याचा पाय वर राहू लागला. मग दोघांच्या पायांना स्वतंत्रपणे तेच पाणी दिल्यावर पहिल्याला झटके कमी बसले, जोडीदाराला जास्त.

या रचनेलाही एक फट आहे, आणि ती सांगायला हवी. सगळी झुरळं सारखी संवेदनशील नसतात. रसेल चर्च यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की व्यक्तिगत फरकांमुळे अशा जोड्यांत शिकणं झालेलं नसतानाही दोन गटांत फरक दिसू शकतो. म्हणून पुढच्या काळात संशोधकांनी केवळ जोडीदारावर विसंबणं सोडलं आणि बदल नेमका कोणत्या पेशीत होतो ते शोधायला लागले. तिथे अॅप्लिसिया पुन्हा उपयोगी पडला.

एका पेशीतलं शिकणं

अॅप्लिसिया समुद्रशेवाळ खातो. शेवाळ समोर नसतानाही तो मधूनमधून तोंड उघडून चावा घेण्याची हालचाल करतो. ही उगाच होणारी हालचाल फार महत्त्वाची आहे. परिणामातून शिकायचं तर आधी काहीतरी करून पाहावं लागतं, आणि कुणीही न हटकता आपणहून करावं लागतं. जो प्राणी फक्त टोचल्यावरच हलतो, त्याच्याकडे निवडायला काही नसतं.

२००२ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या जॉन बर्न यांच्या प्रयोगशाळेत ब्योर्न ब्रेम्ब्स आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रयोग केला. अन्ननलिकेकडून येणाऱ्या एका चेतेत डोपामिन वापरणारे तंतू भरपूर असतात, आणि अन्न गिळताना ती चेता सक्रिय होते. त्यांनी त्या चेतेवर बारीक इलेक्ट्रोड बसवला. अॅप्लिसियाने आपणहून चावा घेतला की लगेच त्या चेतेला वीज द्यायची. त्याच्या दृष्टीने पाहिलं तर चावा घेतला आणि घास मिळाल्याचा निरोप आला, घास नसतानाही. जोडीदाराला तितकीच वीज, पण त्याच्या चाव्यांशी संबंध नसलेल्या वेळी. अवघ्या दहा मिनिटांच्या सरावानंतर पहिल्या गटाचे प्राणी जास्त चावे घेऊ लागले, आणि दुसऱ्या दिवशीही घेत राहिले. जोडीदार गटात तसं झालं नाही.

चाव्याची हालचाल चालवणाऱ्या पेशींमध्ये बी-५१ नावाची एक चेतापेशी आहे. ती चावा गिळण्याच्या दिशेने जायचा असेल तेव्हाच जोरात पेटते, म्हणजे विजेचे इशारे सोडते. शिकलेल्या प्राण्यांत ही पेशी बदललेली होती. पूर्वीपेक्षा कमी चिथावणीने ती पेटू लागली होती. म्हणजे ‘चावा घे’ या निर्णयाकडे पारडं थोडं झुकलं होतं, आणि ते झुकणं एका ओळखीच्या पेशीत बोट ठेवून दाखवता येत होतं.

त्यांनी एक पाऊल आणखी पुढे टाकलं. ही एकटी पेशी प्राण्यातून काढून बशीत ठेवली. तिथे प्राणी नाही, तोंड नाही, शेवाळ नाही. पेशीला विजेने पेटवायचं, आणि ती पेटल्याबरोबर तिच्यावर डोपामिनचा बारीक फवारा मारायचा. दुसऱ्या पेशींना फवारे तेवढेच, पण पेटल्यानंतर काही वेळाने. पहिल्या गटातल्या पेशी अगदी तशाच बदलल्या जशा शिकलेल्या प्राण्यांत बदलल्या होत्या. दुसऱ्या गटातल्या बदलल्या नाहीत. मला वाटतं, शिकण्याविषयीच्या संशोधनात इतके नितळ निष्कर्ष फार थोडे असतील.

पण पेशीला कसं कळतं की डोपामिन आपण पेटल्याबरोबर आलं की उशिरा? २००८ मध्ये याच प्रयोगशाळेतून याचं रासायनिक उत्तर आलं. पेशी पेटली की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि त्यामुळे प्रोटीन कायनेज सी नावाचं विकर जागं होतं. डोपामिन बाहेरून येऊन टेकलं की आत चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू बनतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असल्या तर हा दुसरा रेणू खूप जास्त बनतो आणि पेशीत टिकाऊ बदल होतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक बँकेची, तसं हे आहे. ‘मी नुकतंच काहीतरी केलं’ ही पेशीची स्वतःची किल्ली, आणि ‘चांगलं घडलं’ ही डोपामिनची. कॅल्शियमची खूण थोड्याच वेळात पुसली जाते, त्यामुळे दुसरी किल्ली उशिरा आली तर लॉकर उघडत नाही.

डोपामिन मात्र ‘सुखाचं रसायन’ आहे असं लगेच म्हणू नये. डासाच्या प्रयोगात ते त्रासातून शिकायलाही लागतं. ‘आत्ता जे घडलं त्याची नोंद घ्या’ हा त्याचा निरोप म्हणणं जास्त बरोबर.

या यंत्रणेची एक मर्यादाही इथेच दिसते. तिला वेळ कळते, कारण कळत नाही. कृतीच्या पाठोपाठ काही चांगलं घडलं, मग ते कृतीमुळे घडलं असो की निव्वळ योगायोगाने, नोंद होणारच. १९४८ मध्ये स्किनर यांनी कबुतरांना ठरावीक वेळाने, ती काहीही करत असली तरी, दाणे दिले. काही कबुतरं गोल फिरणं, मान झटकणं अशा हालचाली पुन्हा पुन्हा करू लागली, जणू त्यामुळेच दाणे येत होते. या निरीक्षणाच्या अर्थाबद्दल पुढे बराच वाद झाला, आणि त्यातल्या काही हालचाली भुकेल्या कबुतराच्या उपजत हालचाली होत्या असं १९७१ मध्ये जॉन स्टॅडन आणि व्हर्जिनिया सिमेलहॅग यांनी दाखवलं. पण मूळ मुद्दा उरतोच: वेळेच्या लगटीवर चालणारी यंत्रणा फसू शकते.

शिवाय काही परिणाम मुळात उशिराच येतात. विषारी जिवाणू खाल्ले तर त्रास काही तासांनी होतो. ३०२ चेतापेशींचा सीनोर्हॅब्डायटिस एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी यातूनही शिकतो. युन झांग आणि कोरी बार्गमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आजारी पाडणारे जिवाणू खाल्ल्यानंतर तो त्यांचा वास टाळू लागतो, आणि त्यासाठी डोपामिनऐवजी सेरोटोनिन हे दुसरं निरोप्या रसायन वापरतो. खाण्याच्या बाबतीत ही खिडकी एवढी लांब उघडी राहते, कारण विषबाधा तशीच येते.

आठवण कुठे राहते

पुन्हा लिम्नियाकडे. तिचं छिद्र उघडण्या-मिटण्याची लय तीन चेतापेशी मिळून चालवतात. नवीद सय्यद, अँड्र्यू बुलॉक आणि लुकोवियाक यांनी १९९० मध्ये या तिन्ही पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या. त्यांनी आपसांत जोडण्या केल्या आणि श्वासाची तीच लय बशीतही सुरू झाली. या तिघींतली एक डोपामिन वापरणारी मोठी पेशी आहे. तिला आरपीईडी-१ म्हणतात.

चेतापेशीला एक गोळा असतो, ज्यात केंद्रक आणि जनुकं असतात, आणि त्यातून निघालेले लांब तंतू असतात. २००२ मध्ये कॅल्गरीच्या गटाने आरपीईडी-१ चा फक्त गोळा काढून टाकला. तंतू मागे राहिले, आणि ते काही दिवस काम करत राहतात, त्यामुळे गोगलगाईचा श्वास चालू राहिला. ती शिकलीही. काही तास तिला आठवतही होतं. पण दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. याउलट, आठवण पक्की झाल्यानंतर गोळा काढला तर आठवण शाबूत. म्हणजे गोळा लागतो तो आठवण पक्की करायला, आणि पक्की झालेली वापरायला नाही. पक्की करायची तर जनुकांवरून नवी प्रथिनं बनवावी लागतात, आणि जनुकं गोळ्यातच असतात. लांबपल्ल्याची आठवण म्हणजे पेशीच्या घडणीतला बदल, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

बाकी निरीक्षणं वाचताना तर आपल्याच घरातल्या परीक्षेची तयारी डोळ्यांपुढे येते. सगळा सराव एकदम उरकण्यापेक्षा मधे विश्रांती देऊन केला तर लिम्नियाची आठवण जास्त टिकते. गाजराच्या वासाच्या पाण्यात शिकवलं आणि साध्या पाण्यात तपासलं तर ती शिकलेली वाटतच नाही. गाजराचा वास परत दिला की आठवण दिसते. आणि विसरण्याचंही एक कोडं सुटतं. शिकलेल्या गोगलगाईंना पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊच दिलं नाही, मधे अडथळा ठेवला, तर त्यांची आठवण जास्त काळ टिकली. मोकळ्या सोडलेल्या गोगलगाई वर जातात, छिद्र उघडतात, काडी टोचत नाही, आणि हे नवं शिकणं जुन्यावर चढतं. नुसता काळ लोटला म्हणून आठवण पुसत नाही. रोजच्या जगण्यात दुसरं काही अनुभवास येतं, म्हणून ती मागे पडते.

मेंदूच नसलेल्या प्राण्यांतही हे दिसतं. कॅरिबियन समुद्रातल्या खारफुटीत बोटाच्या पेराएवढी एक पेटीच्या आकाराची जेलीफिश राहते, ट्रिपेडालिया सिस्टोफोरा. तिला मध्यवर्ती मेंदू नाही. चार बाजूंना चार छोटे अवयव लटकतात, प्रत्येकावर सहा डोळे आणि सुमारे हजार चेतापेशी, म्हणजे एकूण २४ डोळे. खारफुटीच्या मुळांमधल्या उन्हाच्या कवडशांत जमणारे बारीक कवचधारी जीव ती खाते, आणि मुळांवर आपटून अंग फाटू नये म्हणून तिला अंतर ओळखावं लागतं. अंतर ओळखायची तिची खूण म्हणजे मूळ पाण्याच्या तुलनेत किती गडद दिसतं ते. पण पाणी गढूळ झालं की ही खूण बदलते. यान बिएलेकी, आंदर्स गार्म आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिला करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गोल टाकीत सोडलं. करडे पट्टे तिला दूरच्या मुळांसारखे वाटत, म्हणून ती सुरुवातीला वारंवार भिंतीवर आपटली. साडेसात मिनिटांत तिचं आपटणं निम्म्यावर आलं, भिंतीपासूनचं तिचं सरासरी अंतर सुमारे दीडपट झालं आणि वेळेत वळून वाचण्याचं प्रमाण चौपट. मग संशोधकांनी डोळ्यांचा एकच अवयव वेगळा काढून त्याला करडे पट्टे दाखवले आणि आपटल्यासारखा विजेचा हलका झटका दिला. तो सुटा अवयवसुद्धा पुढे तेच पट्टे दिसताच पळण्याचा इशारा देऊ लागला.

शिकलेलं आणि निवडलं गेलेलं

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. ‘झुरळं आता शहाणी झालीत, जेल खातच नाहीत’ असं आपण घरोघरी ऐकतो. ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या अशा जर्मन झुरळांचं वर्णन केलं, जी ग्लुकोज असलेलं विषारी आमिष टाळत. त्या झुरळांपैकी एकही ‘शिकलेलं’ नव्हतं. ज्यांना गोड आवडायचं ती आमिष खाऊन मेली. जन्मतःच ज्यांच्या जिभेला ग्लुकोज कडू लागायचं ती मूठभर वाचली, आणि त्यांची पिल्लंही तशीच निघाली. ग्लुकोज त्यांच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशींना जागं करतं, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं.

शिकणं आणि उत्क्रांती या दोहोंत आधी वेगवेगळे प्रकार तयार होतात, मग परिणाम त्यांतले काही राखतो. स्किनर यांनी १९८१ मध्ये या साम्यावर एक लेखही लिहिला होता. पण एकात तोच जीव बदलतो, दुसऱ्यात जीव तेच राहतात आणि वंश बदलतो. रोज झुरळांशी किंवा पिकावरच्या किडींशी सामना असणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे. शिकलेल्या किडीची पिल्लं अडाणीच जन्मतात.

शेवटी माशीबद्दल, कारण सध्या सर्वांत जास्त नवं तिथे सापडतं आहे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट म्हणजे फळमाशी. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला मार्टिन हायझेनबर्ग यांनी तिच्यासाठी एक यंत्र बनवलं. माशीच्या डोक्याच्या आणि छातीच्या मधे बारीक हुक चिकटवून तिला अधांतरी टांगायचं. ती जागच्या जागी उडते, आणि डावीकडे किंवा उजवीकडे वळायचा तिचा प्रयत्न मोजता येतो. डावीकडे वळली की उष्ण किरणांचा झोत अंगावर, उजवीकडे वळली की बंद. माशी थोड्या वेळात एका बाजूला वळत राहते, आणि झोत कायमचा बंद केल्यावरही काही वेळ तीच बाजू पसंत करते.

ब्रेम्ब्स यांनी यात रंगाची भर घातली: एका बाजूला वळलं की निळा प्रकाश आणि उष्णता, दुसरीकडे हिरवा आणि आराम. आता माशी रंग शिकते. रंग काढून घेतला तर वळण्याची पसंती उरत नाही. बाहेरची खूण हाताशी असेल तर स्वतःच्या शरीराची सवय लावून घेणं ती तूर्त टाळते. सराव पुरेसा लांबवला तरच ती सवय बनते. माशीच्या मेंदूतला छत्रीसारखा एक भाग ही रोख लावतो. तो निकामी केला की सवय फार लवकर जडते.

दोन्ही शिकणी वेगळ्या साहित्यावर चालतात हे २००८ मध्ये कळलं. रुटाबागा नावाचं जनुक बिघडलं की माशीला रंग शिकता येत नाही, पण स्वतःचं वळणं शिकता येतं. प्रोटीन कायनेज सी दाबलं की उलट. २०१४ मध्ये त्यात फॉक्स-पी जनुकाची भर पडली: ते बिघडलेली माशी बाहेरच्या खुणा शिकते, स्वतःच्या हालचालींचे परिणाम मात्र शिकत नाही. माणसातलं याचं भावंड म्हणजे फॉक्स-पी-२. लंडनमधल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सुमारे निम्म्या माणसांना शब्द नीट उच्चारता येत नसत, आणि त्यामागे याच जनुकातला दोष असल्याचं २००१ मध्ये उघड झालं. झेब्रा फिंच पक्ष्याच्या पिल्लात हे जनुक दाबलं तर ते बापाचं गाणं अर्धवट आणि चुकत शिकतं, असं २००७ मध्ये बर्लिनच्या कॉन्स्टान्स शार्फ यांच्या गटाने दाखवलं. बोबडं बोलणारं मूल, गळा घोटवणारं पाखरू आणि टांगलेली माशी, तिघंही एकच काम करतात: हालचाल करायची, तिचं काय झालं ते जाणून घ्यायचं, पुढची हालचाल थोडी बदलायची.

माशीत हे बदल नेमके कुठे होतात, याचा शोध ब्रेम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ पर्यंत बराच पुढे नेला. प्रोटीन कायनेज सीचा एक प्रकार आणि फॉक्स-पी ही दोन्ही ज्या पेशींत लागतात, त्या वळणाचे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निघाल्या. या पेशी माशीच्या डोक्यात नसतात, छातीतल्या चेतारज्जूत असतात. हॉरिज यांच्या झुरळाने १९६२ मध्येच ज्या जागेकडे बोट दाखवलं होतं, ती जागा हीच.